गिटारच्या डोक्याखालची उशी

परवा दुपारी चंद्रपूरला घरी बसून फेसबुक चाळत होते. कुणीतरी एका जुन्या गिटारच्या रिकाम्या केसचे, म्हणजे पेटीचे, फोटो टाकले होते... ही कोणत्या गिटारची असेल, माझी हिच्यात बसेल का? खाली सगळे पंडित जमलेले. एकाने लिहिलं होतं, "लांबी मोजा, बसली म्हणजे झालं."

माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा राजुऱ्याला राहायचो. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, खाणीतून बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअरकडून सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. चादरीत गुंडाळून घरी आणली... केस नव्हतीच.

दिवसा खाणीच्या ऑफिसात कारकुनी आणि संध्याकाळी गिटार. वस्तीतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात दादा वाजवायचा, आणि फार सुंदर वाजवायचा. बहीण म्हणून म्हणत नाही. कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

त्या वर्षी भीमजयंतीला सावली गावात कार्यक्रम ठरला. नागपूरच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक खास दादाला ऐकायला येणार होता. पसंत पडला तर दादाची कारकुनी सुटणार होती... आयुष्यात त्याला एवढंच हवं होतं.

जायचं एसटीने, सामान टपावर. चादरीवर भागणार नव्हतं. चंद्रपूरच्या एका बँडवाल्याकडे जुन्या केस पडून आहेत असं कळलं, म्हणून आम्ही दोघं गेलो; मी कॉन्व्हेंट शाळेच्या गणवेशातच.

एक पोट फुगलेली, साध्या गिटारची... ती लगेच बाद. दुसरी काळी, लांबट, पितळी खटक्यांची. आतल्या मखमलीवर आधीच्या गिटारचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. त्या गिटारच्या अंगाला मानेच्या दोन्ही बाजूंना दोन शिंगं होती, दादाच्या गिटारला एकच. ती डोक्यापर्यंत, म्हणजे खुंट्यांच्या टोकापर्यंत, पट्टीसारखी सरळ असणार, आणि दादाच्या गिटारचं डोकं मागे झुकलेलं. मी सरळ म्हटलं, ही दुसऱ्या गिटारची केस आहे.

"बाई, कॉन्व्हेंटात पेट्या मोजाले शिकवते का?" बँडवाला हसला. "लांबी बसली ना? मंग झालं."

दादाला घाई होती. म्हणाला, "चालते ना वं."

चालते! या एका शब्दाने आपल्या भागाचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं दुष्काळानेही केलं नसेल.

घरी आणल्यावर दिसलं... मान टेकायला केसमध्ये जो उंचवटा होता, तो या गिटारच्या मानेला लागतच नव्हता. डोकं मात्र तळावर ठकठक आपटत होतं. आमची माय शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिच्याने ते बघवेना.

"अवं, डोस्कं आपटून राह्यलं ना तिचं!"

संध्याकाळपर्यंत तिने एक उशी शिवली. मोहरीची... तान्ह्या बाळाचं डोकं चपटं होऊ नये म्हणून देतात ना, तशी. जुन्या लुगड्याचा मऊ कपडा, कडेला बारीक टाके. गिटारचं डोकं तिने स्वतःच्या हाताने त्या उशीवर ठेवलं. झाकण जरा दाबून खटके लावावे लागले, पण लागले.

सावलीच्या मांडवात दादाने केस उघडली. मान डोक्यापाशी मोडली होती. डोकं नुसत्या तारांवर लोंबत होतं.

नागपूरचा मालक थोडा वेळ थांबला, सिगरेट ओढली आणि गाडीत बसून निघून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "पिऊन पाडली असन." माझ्या दादाने दारूला कधी हात लावला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही नागपूरला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. भयंकर उद्धट माणूस. त्याने केस पाहिली, उशी बोटांनी दाबून पाहिली आणि मोठ्याने हसला. म्हणाला, "आधार मानेखाली द्यायचा आणि डोकं मोकळं सोडायचं. तुम्ही मान अधांतरी ठेवली, डोक्याखाली उशी दिली आणि वरून झाकण दाबलं. मोडणार नाही तर काय? ही कोणाची अक्कल?"

"माझीच," दादा म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने मान चिकटवून दिली, पण तारा ताणल्या की ती पुन्हा उकलायची. संध्याकाळी घरी परतलो.

माय दारातच उभी होती. "काय म्हने तो दुरुस्तीवाला? उशी कामी आली का रे बाबू?"

"आली ना माय," दादा म्हणाला. "उशी होती म्हणून एवढंच तुटलं."

मी तोंड उघडलं होतं. दादाने फक्त माझ्याकडे पाहिलं... आणि मी, जिने उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती गप्प बसले.

मायने ते वाक्य वस्तीभर सांगितलं. माझी उशी होती म्हणून एवढंच तुटलं. आणि "पिऊन पाडली" हे दादाला जन्मभर चिकटलं. ते खोडायला खरं कारण द्यायचं, तर उशीचं सांगावं लागलं असतं. नागपूरहून पुन्हा बोलावणं आलं नाही. दादा खाणीतच कारकून म्हणून रिटायर झाला. नवी गिटार त्याने कधी घेतली नाही.

माय आता नाही, म्हणून लिहितेय.

फोटोवाल्या गृहस्थांना एवढंच सांगते... लांबी मागाहून मोजा, आधी मान कुठे टेकते ते बघा.

पुढे दादाला मुलगी झाली, तेव्हा मायने तीच उशी धुऊन, मोहरी बदलून बाळाच्या डोक्याखाली ठेवली. दादा खाणीतून आला की हात धुऊन आधी बाळाला त्या उशीवरून उचलायचा. माय ओरडायची, "काऊन उचलून राह्यला रे? चपटं होईन डोस्कं लेकराचं!"

तो बाळाच्या मानेखाली तळहात धरून, जेवण निवेपर्यंत तसाच बसून राहायचा.