पायरीवरची मंगी आणि आम्ही पंच

गिरणीत उभं राहिलं की भुवया आपोआप पांढऱ्या होतात. कुणी पीठ फासत नाही, ते बसत जातं. किश्श्यांचंही तसंच आहे. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. बायका डबे घेऊन रांगेत बसायच्या, बोलायच्या आणि दळण घेऊन जायच्या. बोललेलं मात्र माझ्या अंगावर राहायचं! आता गिरणी पोरगा चालवतो आणि मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेतो. लोक म्हणतात, "गणपाबापू, त्या शाळेच्या कमिटीचं सांगा की." मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण सांगून झालं की उगाच उठून पट्टा तपासायला आत जातो. पट्ट्याला काही झालेलं नसतं.

*

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळून दळून माझी जाती बोथट झाली होती. पलूसच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात दोन खोल्यांची चौथीपर्यंतची शाळा.

हवालदाराची मंगल तेव्हा आठेक वर्षांची. लहानपणी तापात तिचे कान गेले. हवालदार पलटणीत असायचा, तेव्हा तिला शाळेत घातली ती आईनं, म्हणजे हौसा वैनीनं. गुरुजी भला माणूस. "बसू दे," म्हणाले. पोरगी फळ्यावरची गणितं बघायची आणि पाटीवर सोडवायची. कुणी शिकवलं, कसं शिकली, देव जाणे.

एकदा गुरुजींच्या ध्यानात आलं की सगळ्या वर्गाची गणितं बरोबर यायला लागलीत. आमच्या सरपंचांचा, आण्णांचा, बाळू! ज्याला सातानंतर आठ येतात हेच मान्य नव्हतं, त्याचीसुद्धा बरोबर! गुरुजी महिनाभर छाती फुगवून हिंडले. मग एक दिवस त्यांनी फळ्याऐवजी वर्गाकडं बघितलं. सगळी पोरं मंगीकडं बघत होती आणि मंगी पाठीमागं हात धरून बोटांनी उत्तरं सांगत होती! नुसती उत्तरंच नाहीत. महिनाभरात पोरं तिच्याकडून सगळी भाषा शिकली होती. कुणाच्या घरी काय कालवण, कुणाची शेळी व्याली, गुरुजींच्या धोतराला कुठं भोक आहे, सगळं हातानं चालायचं.

गुरुजी धापा टाकत गिरणीत आले. "गणपा, मी वेडा व्हायची पाळी आली. वर्ग शांत आहे आणि सगळे बोलतायत!"

दुसऱ्या दिवसापासून मंगीची जागा वर्गाबाहेरच्या पायरीवर. ती एकदोनदा आपली आपण आत गेली, तर गुरुजींनी छडी दाखवली. मग ती जायची थांबली. गुरुजी म्हणायचे, "तिथून फळा दिसतो." दिसायचा, नाही असं नाही. दार उघडं असलं तर!

*

हौसा वैनी तालुक्याला गेली आणि शाळाखात्याच्या साहेबांपुढं उभी राहिली. साहेब म्हणाले, "गावातली गोष्ट गावात मिटवा. कमिटी नेमा."

कमिटीत आण्णा आले, म्हातारे तात्या आले, बापू टेलर आला. गुरुजी तर हवेतच. पाचवा माणूस तटस्थ हवा होता. बराच वेळ कुणी सापडेना. गावात तटस्थ माणूस म्हणजे ज्याला घर नाही, शेत नाही आणि भावकी नाही असा! शेवटी आण्णा म्हणाले, "गणपाला घ्या. त्यो समद्यांचीच टिंगल करतो, म्हंजे कुणाचाच न्हाई."

माझी तिसरी दोनदा झालेली. त्या शाळेनं मला ज्या खोलीतून हाकललं, त्याच खोलीच्या कमिटीवर मी मेंबर! त्या दिवशी मी दळणाबरोबर प्रत्येक बाईला गूळ वाटला.

*

पहिली मीटिंग मारुतीच्या देवळात. गुरुजींनी बाजू मांडली. "मुलीवर राग नाही माझा. पण हिला ऐकू येत नाही. माझ्याकडे एका खोलीत दोन इयत्ता. हिच्यासाठी वेगळं शिकवायला मला कुणी शिकवलेलं नाही. ऐकूच येत नसेल तर बसून उपयोग काय?" खोटं काहीच नव्हतं त्यात.

आण्णांनी विचारलं, "गुरुजींचं ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा."

पहिला हात तात्यांचा! तात्या सगळ्यात वडीलधारे. पण शेजारी सुतळी बाँब फुटला तरी त्यांची तपकिरीची चिमूट हलायची नाही, इतके कान गेलेले. सगळ्यांचे हात वर जाताना दिसले की आपलाही न्यायचा, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी मात्र आण्णांनी डोकं खाजवायला हात उचलला आणि तात्या फसले.

हौसा वैनी खांबाला टेकून उभी होती. पदर सावरून पुढं आली.

"तात्यास्नी पंचात बसाय कान लागत न्हाईत, आन् माझ्या पोरीला शाळंत बसाय लागत्यात व्हय?"

गुरुजी टोपी काढून टोपीच्या आत बघायला लागले. बापू टेलर नखं बघायला लागला. तात्या सगळ्यांकडं हसत बघत होते.

"काय म्हणाली रं ती?" त्यांनी मला विचारलं.

त्यांच्या कानात ओरडून सांगायला आम्हा चौघांतला एकही तयार होईना!

*

मग ठरलं, मिरजेला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवायचं. सगळी कमिटी एसटीत! आण्णांनी फेटा बांधलेला, जणू लग्नाची बोलणी करायला निघालोय. मंगी हौसा वैनीशेजारी खिडकीत बसली होती आणि प्रत्येक गाडीला हात करत होती.

डॉक्टरनं तिच्या मागं घंटी वाजवली, भांडं वाजवलं. ती आपली डॉक्टरच्या टेबलावरचा काचेचा गोळा बघत होती. डॉक्टर म्हणाला, "कान गेलेत. डोकं शाबूत आहे, चांगलं तल्लख आहे. शहरात अशा मुलांची शाळा असते, तिथं ठेवा. नाहीतर गावात पुढं बसवा आणि फळ्यावर लिहून शिकवा."

गुरुजींनी शहरातली शाळा धरली आणि हौसा वैनीनं गावातला फळा. डॉक्टरच्या दारातच जुंपली.

"बोर्डिंगात नीट शिकेल, वहिनी."

"आवं गुरुजी, रात्री घाबरून उठली तर तिकडं हाक कशी मारंल ती? आन् मारली तरी कुणाला कळंल?"

परत येताना तंबोरे करणाऱ्यांची गल्ली लागली. एका दुकानात म्हातारा कारागीर तारा लावत बसला होता. मंगी हळूच आत गेली आणि तिनं भोपळ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं तार छेडली. पोरीचं तोंड असं काही फुललं की विचारू नका! तिनं गाल टेकवला. म्हातारा छेडत राहिला, ती डोळे मिटून उभी.

म्हातारा कौतुकानं आमच्याकडं बघून म्हणाला, "गाण्याचा लय चांगला कान हाय हो पोरीला! गावात शिकवणारं हाय का कुणी?"

आम्ही पाच बाप्ये गल्लीत उभे. आण्णांनी फेटा नीट केला. गुरुजी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले, आणि ती कानडीत होती.

हौसा वैनीच बोलली, "न्हाई बाबा. आमच्या गावात न्हाई कुणी."

*

मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. मला करता येतं ते एकच, चेष्टा. मी निरोप धाडला की पुढची मीटिंग गिरणीत. सगळे आले, बाजरीच्या पोत्यांवर बसले. आण्णांनी "आता" म्हणून तोंड उघडलं आणि मी इंजिन चालू केलं!

धडधड धडधड. आण्णांचं तोंड हलतंय, आवाज नाही. गुरुजी हातवारे करतायत. बापू टेलर कात्रीसारखी बोटं करून काय सांगतोय ते त्यालाच ठाऊक. तात्या तेवढे मजेत, त्यांना रोजच्यासारखंच! मी पोटाला धरून हसत होतो. शेवटी आण्णा चप्पल घेऊन माझ्याकडं धावले, तेव्हा मी इंजिन बंद केलं.

"कळलं का आण्णा, पोरीला कसं वाटत आसंल?" मी म्हणालो. मला वाटलं, मोठा तीर मारला.

हौसा वैनी दारात उभी होती. ती जराही हसली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी इंजिन बंद केलं, तुमास्नी ऐकू आलं. घरी जाशीला, जेवशीला. माझ्या पोरीचं इंजिन कुणी बंद करायचं?"

तिनं आपला डबा उचलला आणि दळण न घेताच गेली. त्या दिवशी मी गिरणी लवकर बंद केली. आण्णांनी चप्पल मारली असती तर बरं झालं असतं.

*

मग हवालदार रजेवर आला. चांगला ताडमाड गडी, मिशा वर वळवलेल्या. आम्ही म्हटलं, आता आपली धडगत नाही, हा गुरुजींना खांद्यावर घेऊन पायरीवर बसवतो! पण मीटिंगमध्ये हा खाली मान घालून म्हणतो, "पंच म्हणतील त्ये मान्य."

रात्री आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी डिवचलं, "काय हवालदार, दुष्मनापुढं छाती काढता आन् शाळंपुढं मान खाली?"

तो हसला नाही. खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून फोटो. मिरजेच्या स्टुडिओत काढलेला. हवालदार, हौसा वैनी, दोन पोरगे. फोटोला एका बाजूला घडी होती.

"पलटणीत समदी जणं घरचा फोटू दावत्यात, गणपा," तो म्हणाला. "मी बी दावतो." त्यानं घडी उलगडली. घडीच्या आत मंगी होती, हातात कागदाचं फूल घेऊन.

घडी घालून घालून फोटो तिथं पांढरा पडला होता, अगदी पोरीच्या खांद्यापाशी.

दुसऱ्या दिवशी हवालदार सकाळीच उठला आणि इस्त्रीचे कपडे घालून शाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. मधल्या सुट्टीपर्यंत उभा. पोरं त्याला सलाम ठोकून आत-बाहेर करत होती. शेवटी गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "हवालदार, घरी जा. कमिटी बोलवा. मी भांडणार नाही आता."

*

आता शेवटचं सांगतो.

तालुक्याचे साहेब आले. देवळात सतरंजी अंथरली. ठरलं की मंगी गावातच शिकणार, वर्गात पहिल्या रांगेत बसणार, आणि गुरुजी जमेल तेवढं फळ्यावर लिहून शिकवणार. हौसा वैनीनं एकच अट घातली.

"माझी पोर आपली आपण आत जायाची न्हाई. छडी दावून भायेर काढलीया तिला. गुरुजींनी मानानं बोलवावं, मगच जाईल."

"रास्त हाय!" आण्णा म्हणाले. "गुरुजींनी रोज सकाळी मानानं नाव घिऊन पोरीला आत बोलवायचं. हात वर करा!" झाडून सगळे हात वर गेले, साहेबांचासुद्धा. पेढे वाटले. हवालदारानं गुरुजींना कडकडून मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी तो समाधानानं पलटणीला गेला. साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, "असं समंजस गाव तालुक्यात नाही."

आठवड्यानं हौसा वैनी गिरणीत आली. डोळे लाल.

"भावजी, पोरगी आजून पायरीवरच हाय."

माझं डोकं फिरलं. इंजिन तसंच सोडून मी आण्णांकडं पळालो. आण्णांनी बापू टेलरला घेतलं, वाटेत तात्या भेटले, तेही निघाले. गुरुजींनी शब्द मोडला म्हणजे काय! तरातरा शाळेत. पायरीवर मंगी बसलीच होती, मांडीवर पाटी. आम्ही येताना दिसलो तशी तिनं हात जोडले आणि अंग चोरून आम्हाला आत जायला वाट दिली. आम्ही तिला ओलांडून आत गेलो. तिनं पुन्हा पाटीत डोकं घातलं, आमच्याकडं पाठ.

"गुरुजी, शरम हाय का न्हाई?" आण्णा गरजले. "देवळात बसून शब्द दिला तुमी!"

गुरुजी खुर्चीतून ताडकन उठले. त्यांचा चेहरा रडवेला झाला. "आण्णा, मुलांना विचारा! रोज सकाळी प्रार्थना झाली की पहिली हाक तिला मारतो. अगदी 'मंगलताई' म्हणून मारतो. एक दिवस चुकलो असेन तर ही नोकरी सोडतो. तीच येत नाही!"

"खरं हाय, आण्णा," बाळू म्हणाला, "रोज मारत्यात."

आण्णा घुटमळले. "मारा बघू, आमच्या म्होरं."

गुरुजी दारापर्यंत आले, घसा साफ केला. "मंगलताई, आत या!"

मंगी पाटीवर फूल काढत होती.

"तुमचा आवाज बारीक हाय, गुरुजी," आण्णा म्हणाले. "गणपा, तू मार. तुला गिरणीत बोलायची सवय हाय."

मी मारली. पिंपळावरचे कावळे उडाले.

मग बापूनं मारली. मग आम्ही पाचही जण दाराच्या चौकटीत दाटीवाटीनं उभे राहिलो आणि एका सुरात ओरडलो, "मंगेऽऽ, आत ये गंऽऽ!" समोरच्या मळ्यात ऊस तोडणारी माणसं कोयते टाकून बघायला लागली. माझ्या हातभर अंतरावर तिची लाल रिबीन हलत होती.

आण्णांनी कपाळाचा घाम पुसला आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची काय चूक न्हाई, गुरुजी. पोरगीच लय हट्टी हाय!"