तीन मिनिटं झाली, वाढवू का?

सुनयनाबाई वाघमारे दर गुरुवारी दुपारी तीनला कलाशाळेतल्या व्याख्यानाला जात, शेवटच्या रांगेत बसत आणि पाच मिनिटांच्या आत उठून बाहेर येत. घरी जात नसत. बाहेरच्या पायऱ्यांवर पर्स मांडीवर घेऊन बसत. व्याख्यान संपून पोरं बाहेर पडली की त्यांच्याबरोबर फाटकातून निघत.

चौथ्या गुरुवारी मैत्री त्यांच्या मागोमाग बाहेर आली. मैत्री त्यांच्याच सोसायटीतली, वरच्या मजल्यावरची. मराठी घेऊन एम.ए. झालेली. संगीत, आवाज, सौंदर्य असल्या विषयांवर बोलायला पाहुणे बोलवायचं काम कलाशाळेने तिच्याकडे दिलं होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून काकूंना तीच बोलावून आणायची.

"काकू, कंटाळा येतो का?"

"नाही गं. आवाज चांगला आहे त्यांचा. छातीतून येतो."

"मग उठता का?"

सुनयनाबाईंना प्रश्नच कळला नाही.

"मागपर्यंत पोचला ना आवाज," त्या म्हणाल्या. "मग झालं की."

मैत्री पायरीवर बसली. आत पाहुणे नादाबद्दल बोलत होते. ती मात्र काकूंकडे बघत राहिली.

सुनयनाबाईंनी अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली दहा ट्रंक बोर्डावर, बाहेरगावचे फोन जोडायला. परभणीजवळच्या एका खेड्यातून त्या एकवीस वर्षांच्या असताना आल्या, तेव्हा टेलिफोन नावाची वस्तू त्यांनी हातात धरली नव्हती. ट्रेनिंगमध्ये आधी त्यांची बोली धुऊन काढली. 'कामून' गेलं, 'लई' गेलं. उरला तो गुळगुळीत, कोणत्याच गावचा नसलेला आवाज. तो पुढे घरीही तसाच राहिला. संघप्रिया, त्यांची मुलगी, लहानपणी म्हणायची, "आई, तू मला जेवायला बोलावतेस की नंबर विचारतेस?"

बोर्डावरचं काम सोपं होतं. डोक्यावर हेडफोन, समोर भोकांचा फळा. दिवा लागला की एक दोर या भोकात, दुसरा त्या भोकात. दोन्हीकडून 'हॅलो' आलं की खटका खाली. खटका खाली म्हणजे आपला कान बाहेर. तीन मिनिटं झाली की खटका वर आणि मध्येच बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" हो म्हणाले तर पुन्हा कान बाहेर. नाही म्हणाले तर दोर ओढायचा. मधलं ऐकायचं नाही. ऐकताना सापडलं तर मेमो.

बोर्ड गेला, दोर गेले. सवय गेली नाही. नवरा ऑफिसातलं काही सांगायला लागला की त्याचा सूर ठीक आहे एवढं कळेपर्यंत त्या ऐकत आणि मग उठून कुकर लावत. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. काय काय सांगायचा, ते आता आठवायला बसलं की प्रत्येक गोष्टीचं पहिलं वाक्य तेवढं आठवे.

संघप्रिया बेंगळुरूला. दर रविवारी सकाळी फोन करायची.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवले. पाणी येतं ना नीट?"

"येतं."

मग सुनयनाबाईंना आतूनच कळायचं की झाली तीन मिनिटं. "बरं, ठेवू?" त्या म्हणत. घड्याळाकडे बघावं लागत नसे. संघप्रिया एकदा वैतागून म्हणाली होती, "आई, तुझ्यासमोर कुणी वाळूचं घड्याळ ठेवलंय का गं? मी आत्ता कुठे बोलायला लागले होते."

त्यावरही सुनयनाबाईंनी "बरं, ठेवू?" असंच म्हटलं होतं. तेव्हापासून संघप्रियाचे फोन आणखी आखूड झाले.

हे सगळं त्या मैत्रीला एका बैठकीत बोलल्या नाहीत. तीन गुरुवार लागले, तीनही पायरीवर. तिसऱ्या गुरुवारी मैत्री म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला."

"कुठे?"

"आत. माइकवर. पाऊण तास."

सुनयनाबाई हसल्या. कलाशाळेचे प्रमुख उदयसिंह सरही हसले होते. "टेलिफोन ऑपरेटर? सौंदर्याच्या मालिकेत?" त्यांनी मैत्रीला विचारलं होतं. "पुढच्या वेळी लिफ्टमनला बोलावू या. चढउतार त्यालाही कळतात." मैत्री म्हणाली होती, "बोलवू या की सर." त्यावर सरांनी सही केली.

सुनयनाबाई नाहीच म्हणाल्या असत्या. पण मैत्री जाता जाता बोलून गेली, "बाहेरगावच्यांना लिंक पाठवतो आपण. घरी बसून ऐकता येतं."

त्या रविवारी सुनयनाबाईंनी संघप्रियाला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज थोडा हलला, तो त्यांच्या स्वतःच्याच कानाला लागला.

"तू बोलणार? पाऊण तास?" संघप्रिया म्हणाली. "तू?"

"ऐकशील?"

"ऐकेन ना. गुरुवार आहे, पण करते काहीतरी."

त्यानंतरचे अठरा दिवस सुनयनाबाई वहीत लिहीत होत्या. रात्रीचं जेवण लवकर उरकून टेबलाशी बसत. समोर भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी नवऱ्याचा. तिघांनाही वाचून दाखवत. अकरा पानं झाली. त्यातलं एकही पान विद्यार्थ्यांसाठी नव्हतं. ती सगळी एकीलाच लिहिलेली होती, आणि तिने पाऊण तास ऐकायला हवं होतं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी निळी साडी नेसली. सभागृहात चाळीसेक पोरं. टेबलावर मैत्रीचा लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर छोटे चौकोन. एका चौकोनात संघप्रियाचं नाव.

तीन वाजून पाच मिनिटांनी सुनयनाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या.

"आवाज येतोय का?"

"येतोय!" मागची रांग ओरडली.

"येतोय, आई," लॅपटॉप म्हणाला.

"बरं," सुनयनाबाई म्हणाल्या, वही मिटली आणि मंचावरून खाली उतरल्या.

पोरं खदखदून हसली. त्यांना वाटलं, ही सुरुवातीची गंमत. एकाने टाळी वाजवली. सुनयनाबाई मधल्या वाटेने दाराकडे चालल्याही होत्या. मैत्रीने त्यांना पाचव्या रांगेशी गाठलं.

"काकू, कुठे निघालात? तुम्हीच बोलायचंय."

सुनयनाबाई थांबल्या. खरंच गोंधळल्या होत्या. दोन्हीकडून आवाज आला होता. त्यांचं काम झालं होतं.

"संघप्रियाताई वाट बघतायत," मैत्री हळू म्हणाली.

त्या परत मंचावर गेल्या. वही उघडली नाही. लॅपटॉपकडे बघितलंही नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"मला हजारो गोष्टींची पहिली वाक्यं माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "पुढचं एकीचंही माहीत नाही."

हसणं थांबलं.

मग त्या बोलल्या. 'हॅलो' ऐकून काय काय कळतं ते सांगितलं. तार यायच्या आधीच मरणाची बातमी आवाजात कशी असते. नोकरी लागलेला मुलगा 'हॅलो'तला 'लो' कसा लांबवतो. नवं लग्न झालेली बाई आधी आजूबाजूला कोण आहे ते बघते, मग बोलते. ते बघणंही तारेतून ऐकू येतं. आणि शेवटी नफिसाची गोष्ट सांगितली.

"उरणच्या पोस्टातून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक फोन लागायचा. नफिसा नावाची बाई. नवरा कासिम, कांडला बंदरावर क्रेनवर कामाला. मी लाइन जोडली. ती हॅलो म्हणाली, तो हॅलो म्हणाला, मी खटका खाली केला. जरा वेळाने लाइन तपासायला वर केला, तर काहीच नाही. शब्द नाही. मी म्हटलं, लाइन मेली. दोर ओढून टाकला.

"दहा मिनिटांनी तिने पुन्हा नंबर मागितला. मला म्हणाली, 'ताई, तुमी का तोडलात? आमी बोलत होतो.'

"मी म्हटलं, 'बाई, कुणीच बोलत नव्हतं.'

"ती म्हणाली, 'तुमाला ऐकू आलं नसंल.'"

सुनयनाबाई पाणी प्यायल्या. ग्लास ठेवल्याचा आवाज माइकमधून मागपर्यंत गेला.

"पुढच्या महिन्यात मी खटका खाली केलाच नाही. पूर्ण ऐकलं. तिच्याकडून पोस्टातले शिक्के ऐकू येत होते, धप धप. एकदा बांगडी. त्याच्याकडून वारा आणि लांबून भोंगा. दोघांचे श्वास. मध्येच तो खोकला आणि ती हसली. एवढंच. तीन मिनिटं झाली. 'वाढवू का' म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणवेना. सहा मिनिटं जाऊ दिली. सुपरवायझर बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या मला कळलं नाही. अडतीस वर्षांत तेवढा एकच मेमो मिळाला मला."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण ते बोलत का नव्हते?"

"ते मला कसं कळणार?" सुनयनाबाई म्हणाल्या. "मी ऑपरेटर होते."

पोरं लगेच उठली नाहीत. उदयसिंह सर मागे भिंतीला टेकून उभे होते, ते तसेच राहिले. मग टाळ्या झाल्या.

सुनयनाबाई आता लॅपटॉपकडे वळल्या. चौकोन होते. संघप्रियाचा नव्हता.

"मधेच नेट गेलं असेल काकू," मैत्री घाईने म्हणाली.

"कधी गेलं?"

"राहू दे ना."

"बघ की. तुला दिसतं ते."

मैत्रीने बघितलं. सांगावं की नाही याचा तिने जरा विचार केला. "तीन आठला."

'येतोय, आई' झालं होतं तेव्हा तीन पाच झाले होते. मधला थोडा वेळ त्या दाराकडे चालत होत्या. म्हणजे संघप्रियाने आईची पाठ ऐकली होती, हसणं ऐकलं होतं आणि फार तर ते एक वाक्य.

मैत्री फाटकापर्यंत आली. "मी सोडते घरी."

"नको. तुझं आवरायचंय."

घरी येऊन त्यांनी साडी बदलली नाही. चहा केला, एक कप. सहा वाजता फोन वाजला. गुरुवारी कधी वाजत नसे.

"आई, सॉरी गं. ऐन वेळी मीटिंग आली. कसं झालं?"

"छान झालं."

"रेकॉर्डिंग असेल ना? ऐकते मी शनिवारी."

"ऐक."

"घाबरली नाहीस ना?"

"नाही."

"दमली असशील. ठेवू मग?"

तीन मिनिटं झाली नव्हती. दोनही नसतील. सुनयनाबाईंच्या जिभेवर 'बरं' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"वाढव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अजून तीन मिनिटं थांब."

"बोल ना. काय झालं?"

काय झालं ते अकरा पानांत होतं आणि वही पर्समध्ये होती. सुनयनाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी कान फोनला घट्ट लावला. बेंगळुरूच्या त्या घरात पंखा एका बाजूला घासत होता. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. संघप्रिया श्वास घेत होती. लहानपणी झोपेत घ्यायची तसा, अर्धवट नाकातून. हे त्यांना माहीत होतं आणि त्या विसरल्या होत्या.

"आई? आहेस ना?"

त्यांनी मान हलवली.

"हॅलो? आई? च्, गेला आवाज. हॅलो?"

फोन तुटला.

सुनयनाबाई तशाच बसून राहिल्या. गॅलरीबाहेर पाम बीच रोडवरच्या गाड्यांचा सूर चालू होता. चहावर साय धरली. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून संघप्रियाचं नाव शोधलं. आयुष्यभर लोकांचे नंबर जोडले, हा एक नंबर त्या आपण होऊन कधी लावत नसत. रविवारची वाट बघत.

रिंग तीनदा वाजली.

"हां आई, लाइनच गेली बघ मघाशी."

"गेली नव्हती," सुनयनाबाई म्हणाल्या. "तोडू नकोस. मी बोलत होते."