आम्रकुल

जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. ‘कुल’ हा शब्द इतक्यांदा फळ्यावर लिहिला, की निवृत्तीनंतरही तो तोंडातून जात नाही. वांगी चिरताना मी घरच्यांना सांगते की वांगं, बटाटा, मिरची सगळी एकाच कुलातली. फुलाची ठेवण बघा, म्हणजे नातं कळेल. घरच्यांना फक्त भाजी कधी होणार तेवढं हवं असतं.

माझ्या लेकीचं मात्र आम्रकुलाशी लहानपणापासून वाकडं. कैरीचा चीक लागला की ओठ सुजायचे. एकदा परटानं तिच्या फ्रॉकच्या कॉलरला आतून कपडे ओळखायला बिब्ब्याच्या चिकाची खूण केली, तर मानेवर टरारून फोड आले. आंबा आणि बिब्बा एकाच कुलातले. गंमत म्हणजे काजूही त्यातलाच, पण भाजलेले काजू ती मूठमूठ खाते आणि तिला काही म्हणजे काही होत नाही. सासर मिळालं तेही आजऱ्याचं, काजूवाल्यांचं.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे कोल्हापुरात आली. मुलगी झाली. बारशाला विहीणबाई आजऱ्याहून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. माझ्या यजमानांनी हौसेनं आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. “पोरीला आंबा सोसत न्हाय, ठावं न्हाय व्हय तुमास्नी?” असं म्हणत त्यांनी ते स्वतः उतरवलं. इतकी काळजी मलाही सुचली नव्हती. थोडी चिडले, पण बाई मला मनापासून आवडल्या.

मग त्यांनी डबा उघडला. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, घरच्या तुपातले. वर गोडांबी दिसत होती. गोडांबी म्हणजे बिब्ब्याच्या बीतला गर. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला घालतात, आणि नीट काढलेली असली तर कुणाला बाधतही नाही. पण कुठे जरासा चीक राहिला असला तर? ओल्या बाळंतिणीवर प्रयोग कोण करणार? लेकीनं लाडू तोंडाशी नेला होता, तो मी हातातून काढून घेतला.

विहीणबाईंचं तोंड उतरलं. मी वर्गात सांगावं तसं कुल म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे आंबा, काजू, बिब्बा एकाच घरातली?”

“हो.”

“आन् मी तोरण काढलं, आन् बिब्बा वळून आणला की.” त्यांनी डब्याला झाकण लावलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पाळण्यात नात रडायला लागली. लेक न्हाणीघरात गेली होती. विहीणबाई लगबगीनं उठल्या, पाळण्यापाशी गेल्या आणि थबकल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

“बाई, तुमीच घ्या तिला.”

“का हो?”

“जल्म काजू फोडण्यात गेला माजा. टरफलाचं त्याल कातडं जाळतंय, ह्या हातातनं जात न्हाय. नातीत आईचंच रगत आलं आसंल तर? तोरण काढलं, पर हात कुठं काढून ठिवू?”

एका शब्दानं मी आजीला नातीपासून तोडलं होतं की काय? कुल नातं सांगतं, गुन्हा सांगत नाही. कुलावरून फार तर सावध व्हावं, निकाल देऊ नये. लेकीला काजू पचतोच की. हे सगळं मी परीक्षेत विचारत आले होते, आणि बाईंना सांगताना नेमकं तेवढंच गाळलं. आता घाईघाईनं ते सांगितलं. हातावरचे काळे डाग जुने, तेल कधीच सुकलेलं, त्यानं बाळाला काही होत नाही, हेही सांगितलं. त्यांना पटलं असं दिसलं नाही. मग मी साबण आणला आणि त्यांच्या हातांवर कोमट पाणी घातलं.

त्यांना खाली बसवून नात त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी ती कोपरांवर तोलून धरली, तळवे मात्र बाहेर, हवेतच. मी त्यांचा एक तळवा धरला आणि नातीच्या उघड्या पाठीवर ठेवला. त्या तो मागे घेऊ लागल्या, म्हणून माझाही हात वर तसाच राहू दिला.