मेलेल्या बाईला मुलगा

बायकोच्या दहाव्याला मी तळ्यावरून ओल्या धोतरानं आलो, तर खोलीत बाईसाहेब बसलेल्या. आमच्या खोलीत त्या कधी आल्या नव्हत्या. खोली त्यांचीच, धारच्या त्यांच्या कोठीमागची. मी त्यांची मोटार चालवून म्हातारा झालो, बायकोचा जन्म त्यांच्या चुलीपुढं गेला. शेजारी त्यांचा नातू उभा, नाकाला रुमाल.

म्हणाल्या, "तुझ्या बायकोला आम्ही मुलगा देतो."

मेलेल्या बाईला?

बायकोचा बाप इटलीचा. देवासच्या दरबारात बँड शिकवायला आला, इथलीच बायको केली, इथंच मेला. हिचे डोळे त्याच्यासारखे घारे. त्यापायी याच घरात हिला 'साहेबाची अवलाद' म्हणायचे. मूल झालं नाही, मग वांझ. या नातवाच्या बारशाचा सगळा स्वयंपाक हिनं केला. पाळण्याला हात लावायला गेली, तर बाईसाहेबांनी चारचौघींत दंड धरून ओढली. "तू नको. लांब हो."

आता इंदूरच्या वकिलानं सांगितलंय, इटलीवाल्याच्या नातवाला तिथलं नागरिकत्व मिळतं. म्हणून मी लिहून द्यायचं, की हा लहान होता तेव्हाच हिनं याला दत्तक घेतला होता.

"तिला पाणी द्यायला आहे का कोणी?" बाईसाहेब म्हणाल्या. "तुला तरी? हा देईल."

इथं मी ढिला पडलो. सकाळी पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. उन्हात हात जोडून विचारत बसलो, काय राहिलं गं तुझं, बोल की. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. वाटलं, मुलगा मिळाला तर सुटेल बिचारी. पेन हातात घेतलं.

नातवानं मोबाइल काढला. "काका, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, सब मिल गया. बस, काकीचं नाव काय होतं?"

तिच्या हातचं खाऊन वाढला हा. मी बाईसाहेबांकडं पाहिलं. त्याही आठवायला लागल्या.

पेन खाली ठेवलं. "नाही लिहून देत."

"काका, सोच लो. खोली हमारी है."

"रिकामी करतो."

कुठं जाणार, ठाऊक नाही. ओळखीचं दार एकही नाही. पण माझी बायको बिनमुलाची मेली. कोर्ट विचारो, इटली विचारो, मी हेच सांगणार. जिवंत आहे तोवर पाणी मी देईन. माझ्यामागं ती तहानलेली राहील. यांच्या हातचं पिणार नाही.