अण्णांची उष्णता

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी झटकन "नाही" म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या वडिलांना, अण्णांना, फक्त उष्णता होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी कॉलेजात होती. पोटात कळा, अंगात ताप, कपडे सैल झालेले. डॉक्टरांना आतड्याच्या क्षयाची शंका होती आणि ज्यात आतडं वर्षानुवर्षं सुजत राहतं, त्या दुसऱ्या आजाराचीही. एकाचं औषध दुसऱ्यात दिलं तर आजार भडकण्याची भीती.

बनशंकरीच्या आमच्या घरी परतताना रिक्षात डॉक्टरांचा प्रश्न मनात घोळत राहिला. दार उघडलं तर अण्णा नेहमीसारखे कामकस्तुरी, म्हणजे सब्जा, भिजवून पीत होते. लहानपणापासून पाहत आलो होतो. ते पोट धरून संडासकडे धावायचे, बाहेर आले की म्हणायचे, "उष्णता झाली." शेजारचे कन्नडिगही "हीट, हीट" म्हणून मान डोलवायचे. पुढे कुणी काही विचारत नसे.

"अण्णा, उष्णता वाढली की रक्त पडतं?"

"जेवायच्या वेळेला काय विचारतोस रे?"

"पडतं का?"

"स्वल्प. तुझ्या आजोबांनाही पडायचं. घराण्याचीच उष्णता आपली." हे ते जवळजवळ अभिमानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टर म्हणाले, "आजार जसाच्या तसा खाली उतरत नाही. शरीराच्या घडणीतले बारीक फरक उतरतात, त्यानं धोका वाढतो. एवढ्यावरून निदान होत नाही, पण हे आधी कळायला हवं होतं." पुन्हा तपासण्या झाल्या. क्षय नव्हता. सुजेवरचं औषध सुरू झालं आणि ताप उतरला.

ती जेवायला बसू लागली, तेव्हा मी म्हणालो, "माझ्याकडून आलं गं तुला हे."

"नाकही तुमच्याकडूनच आलंय, अप्पा. त्याचं कधी वाईट वाटलं नाही ते?"

अण्णा खो खो हसले. ती मऊ भात चिवडत होती. माझ्या ताटातल्या भातावर झणझणीत सारू होतं, आणि माझं पोट आजवर कधी बिघडलेलं नाही. अण्णांकडचं तिच्यापर्यंत पोचवून मी मधल्या मध्ये धडधाकट राहिलो होतो. मी ताट सारून उठलो.

"बसा हो. तुम्ही उपाशी राहून माझं पोट बरं होणार आहे का?"

बसलो. पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.