खिळ्यावरचा निळा कप

सातपूरच्या कारखान्यात यंत्रं उभारायला परदेशी इंजिनियर आले, तेव्हा त्यांच्या बायकांनी भाड्याच्या बंगल्यात एक क्लब काढला. बुधवारी दुपारी पत्ते, विणकाम, चहा. चहा माझी आई करायची. त्या कामावर बंगल्यामागची खोली आम्हाला राहायला होती. आम्ही बौद्ध. परदेशी बायकांना त्याचं काही नव्हतं.

क्लबचा रिवाज एकच. भिंतीवर खिळे, आणि प्रत्येकीचा कप तिच्या खिळ्यावर. मायदेशी निघालेली बाई आपला कप मागे राहणाऱ्या एखादीला देऊन जायची. कप मिळाला की ती सभासद.

पुढे कारखाना सुरळीत झाला, परदेशी कुटुंबं निघाली. एकेक खिळा आपल्याकडच्या साहेबांच्या बायकांकडे गेला. शेवटच्या परदेशी बाईनं मात्र जाताना आपला निळा कप आईच्या हातात ठेवला. तिला वाटलं, साधी गोष्ट आहे. साधी! जिथं आईला फुटक्या कानाच्या कपात चहा मिळायला लागला होता, तिथं?

आईनं तो पदराखाली घरी आणला आणि पिठाच्या डब्यात दडवला.

"लाव की खिळ्यावर," मी म्हणाले. "रिवाज त्यांचाच आहे."

"रिवाज त्यांचा, छप्परही त्यांचंच. खोली गेली तर तुझ्या मोर्च्यात संसार मांडू का?"

मी तेव्हा समतेची पत्रकं वाटत हिंडत होते. तरी डब्याचं झाकण मीच घट्ट लावलं.

बुधवारी क्लबच्या नव्या सेक्रेटरीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "निळा कप दिसत नाही तो?"

"बाई घेऊन गेल्या असतील," कुणी म्हणालं.

"छे, इथं ठेवून जायचाच असतो. नोकरमाणसांच्या खोल्या एकदा बघायला हव्यात. नाहीतर पोलिसांना सांगू."

मी दारात उभी होते. दडवला म्हणून चोर, लावला तर उद्धट. यांच्या राज्यात आमच्यासाठी तिसरी जागाच नाही!

आई मागे खोलीत गेली. आली तेव्हा कपाला पीठ लागलेलं होतं. पहिल्यांदा कप खिळ्यावर बसेना. दुसऱ्यांदा बसला.

"मला दिलाय त्यांनी," ती म्हणाली. "रिवाजाप्रमाणं."

पत्ते हातातच राहिले. मग सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "बरं. चहा टाका."

आता हाकलतील, मग हाकलतील, असं म्हणत आम्ही आठवडा काढला. बोचकं बांधून ठेवलं होतं. पुढच्या बुधवारी कुणी हाकललं नाही. बायकांनी पर्समधून आपापले कप काढले, चहा प्यायल्या, स्वतः विसळून पर्समध्ये घातले. भिंतीवर रिकामे खिळे आणि आईचा कप.

अजून आम्ही त्याच खोलीत आहोत. बोचकं सोडलेलं नाही. दारावर थाप पडली की आई दचकते. पण बुधवारी चहा ओतून झाला की शेवटी ती तो कप काढते, आणि त्यांच्यासमोर उभ्यानं पिते.