शेषरावांची सागवानी भिंत

अचलपूरच्या शेषराव गावंड्यांनी आयुष्यभर फुलकोबी पिकवली. साठीला टेकल्यावर त्यांना एकदम सौंदर्यदृष्टी आली. चिखलदऱ्याच्या एका हॉटेलात पाहिल्या तशा सागवानी फळ्या त्यांनी भर मे महिन्यात बैठकीच्या भिंतीला लावायला काढल्या. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट बसत होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून सुताराने कडेला बोटभर जागा सोडली.

"एवढा खर्च करून फट काहून ठेवून राहिला बे?" शेषराव म्हणाले आणि स्वतः उभं राहून ती बुजवून घेतली. त्यांच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना, मात्र कॅलेंडरपुरता खिळा ठोकायचीही परवानगी मिळाली नाही.

ऑगस्टमध्ये भिंतीला पोट सुटलं. सोफा पुढे सरकवावा लागला.

"आता काय कराचं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"काई नाई. डिझाइन आहे ते."

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हेच सांगितलं. पाहुण्यांनीही त्या पोटावरून हात फिरवून कौतुक केलं. दोघांनी तर सुताराचा नंबर नेला.

थंडीत फळ्या सुकल्या आणि भिंत जवळजवळ सपाट झाली. शेषरावांनी त्याच दिवशी सुताराला बोलावून खडसावलं, "डिझाइन खराब झालं. पयल्यासारखं करून दे."